मामाची पॉलिसी अन् आजीची सही

मामा गेला तो सोलापूरच्या गड्डा यात्रेच्या आधल्या आठवड्यात. यंत्रमागावर काम केलं सगळं आयुष्य, पैशाला लई जपून असायचा. पंधरा दिवसांनी मामीनं पत्र्याची पेटी उघडली तर लग्नपत्रिकांच्या गठ्ठ्याखाली पॉलिसीचा बाँड, आणि नॉमिनीच्या रकान्यात आजीचं नाव. साल 2003, म्हणजे मामाचं लग्नच व्हायचं होतं तेव्हा.

मामी म्हणाली, असू दे की, बायको मी आहे म्हणल्यावर मलाच मिळणार. खरं सांगायचं तर मलापण तसंच वाटायचं. पण लग्न झालं म्हणून नॉमिनी आपोआप बदलत नसतो, कंपनीला लेखी कळवून नोंद करून घ्यावी लागते, नाहीतर जुनं नावच चालतं.

त्यात शेजारचे एकजण सांगायला लागले की नॉमिनी म्हणजे नुसता पैसे हातात घेणारा, पुढं वारसांना वाटायचे. अर्धं बरोबर आहे ते. सुप्रीम कोर्टानं 1984 ला तसंच सांगितलेलं, पण 2015 ला विमा कायद्याचं कलम 39 बदललं आणि आता आईवडील, नवरा-बायको, मुलं यांच्यापैकी कुणी नॉमिनी असेल तर पैसे त्यांचेच धरतात. म्हणजे भावाचं नाव असेल तर तो सांभाळणारा, आईचं असेल तर ती मालकीण.

क्लेम फॉर्मवर सही करताना आजीचा हात असा थरथरत होता की आडनावापर्यंत पोचायला दोन मिनिटं लागली, मधेच पेन ठेवून पदरानं डोळे पुसले. पैसे जमा झाल्यावर पासबुकच मामीपुढं सरकवलं, "मला काय करायचंय गं, पोरांची फी भर." आमची आजी म्हणून निभावलं. अशाच पैशावरून दोन घरांतलं येणंजाणं बंद झालेलं बघितलंय मी.

मग रात्री माझी पॉलिसी काढली, नॉमिनी कोण? धाकटा भाऊ! नोकरी लागली तेव्हा एजंटनं विचारलं आणि तो शेजारी बसलेला, एवढंच कारण. दुसऱ्याच दिवशी फॉर्म आणला, साठ टक्के बायको, चाळीस टक्के पोरगी, आणि पोरगी सहा वर्षांची म्हणजे अठराच्या आतली, मग तिच्या वतीनं पैसे घ्यायला अपॉइंटी लागतो, तिथंपण बायकोचंच नाव.

बायकोनं फॉर्म दोनदा वाचला आणि म्हणाली, "मग शंभर टक्के माझ्याच हातात की, कशाला एवढं गणित केलंय?"