रस्ता तुमच्यामुळेच अडतो ना?

मी पुरातत्त्वज्ञ आहे, अशी ओळख झाली की दुसरं वाक्य ठरलेलं असतं. "म्हणजे रस्त्याची कामं अडवतात ते तुम्हीच!" काही जण हे हसत म्हणतात, काही जण अगदी मनापासून. त्याच्या जोडीला 'सोनं सापडलं का हो कधी?' हाही प्रश्न येतो, पण त्याचं उत्तर 'नाही' एवढंच असल्यामुळे तो बाजूला ठेवते. अडवण्याबद्दल मात्र तुम्ही विचारलंत म्हणून जरा सविस्तर सांगते.

महामार्गाची रेषा नकाशावर पडते. तिच्यावर यंत्रं उतरण्याआधी त्या पट्ट्यात जमिनीखाली जुनं काही आहे का ते बघायचं, हे माझं काम. सुरुवात टेबलावर होते: जुने नकाशे, हवाई छायाचित्रं, शेतांची नावं. मग चालणं. चार-पाच जण ठरावीक अंतर राखून एका ओळीत, माना खाली. खापर दिसलं की नोंद करायची आणि पुढे जायचं. एकट्या खापरावर भरवसा ठेवता येत नाही, ते खताबरोबर कुठूनही आलेलं असतं. पण वीस पावलांत तीस खापरं दिसली आणि पायाखालच्या मातीचा रंगही बदलला, तर थांबायचं. जुन्या वस्तीच्या जागेला मराठीत पांढरी म्हणतात. राख आणि पडलेल्या भिंतींची माती मिसळून ती जमीन शेतापेक्षा वेगळी दिसते, हे हा शब्द रुळवणाऱ्यांनी आमच्या कितीतरी आधी ओळखलं होतं.

त्यानंतर मॅग्नेटोमीटर, म्हणजे जमिनीतलं चुंबकत्व मोजणारं यंत्र. भाजलेल्या मातीचं चुंबकत्व आजूबाजूच्या मातीपेक्षा वेगळं असतं, त्यामुळे भट्ट्या आणि चुली यंत्राला चांगल्या दिसतात. बुजलेले खंदकही दिसतात. लाकडी खांबाचा वीतभर खड्डा बहुतेक वेळा दिसत नाही. शिवाय यंत्र चालवणाऱ्याच्या अंगावर लोखंड चालत नाही. किल्ल्या, फोन, पट्ट्याचं बक्कल, स्टीलच्या टोकाचे बूट, सगळं काढून ठेवायचं. आणि साइटवरचा सुरक्षा अधिकारी म्हणतो, स्टीलच्या टोकाच्या बुटांशिवाय आत पाऊल टाकायचं नाही. या वादात माझ्या कित्येक सकाळी गेल्या आहेत.

शेवटी चाचणीचे चर. फ्रान्समध्ये साधारण ५ ते १० टक्के जागा अशी उघडून बघतात. म्हणजे नव्वद टक्के जमीन न बघताच तिच्याबद्दल मत द्यायचं असतं. ते चुकतं. माझंही चुकलंय. एका पट्ट्यात गुडघाभर पीक उभं होतं, जमीन दिसतच नव्हती. मी तक्त्यात 'काही आढळले नाही' असं लिहिलं. लिहायला हवं होतं 'काही दिसले नाही'. पुढे माती सरकवली तेव्हा तिथे धान्य साठवायची पेवं निघाली, एक-दोन नव्हेत, अकरा. तोवर ठेकेदाराचे डंपर रांगेत उभे होते आणि त्या आठवड्यात रस्ता खरंच अडला. कारण विचाराल तर खाली पेवं होती हे नव्हे, मी तक्ता नीट भरला नव्हता हे.

खरं काम कसं असतं ते एकदा बघायला हवं. यंत्राला दात नसलेलं बकेट लावतात आणि ते वरची माती पातळ पापुद्र्यासारखी ओढत मागे येतं. त्याच्या पुढ्यात मी उभी, डोळे जमिनीवर. हात वर केला की चालकाने थांबायचं. पिवळट मातीत ताटलीएवढा काळसर गोल दिसतो, दोन मिनिटांत ऊन लागून फिका पडतो, म्हणून वर पाणी फवारायचं. मग करणीने निम्माच गोल खणायचा, निम्मा तसाच ठेवायचा, म्हणजे आतले थर उभे कापलेले दिसतात. मधोमध काळी भुसभुशीत माती, कडेला ठोकून बसवलेले दगड. इथे खांब होता, तो जागच्या जागी कुजला. तीन पावलांवर दुसरा गोल, मग तिसरा. संध्याकाळपर्यंत घराचा आकार उमटतो. फोटो, आरेखन, मातीचे नमुने झाले की उरलेला निम्माही खणून काढायचा. म्हणजे ते घर रस्त्याच्या आधी आम्हीच पुसतो. उत्खनन हाही नाशच, फक्त नोंदी ठेवून केलेला. हे सांगितलं की समोरचा माणूस गप्प होतो.

या कामाचे पैसे कोण देतं, हाही प्रश्न येतो. १९५० च्या दशकात अमेरिकेत न्यू मेक्सिकोमध्ये रस्त्यांच्या बुलडोझरपुढे राहून जमेल तेवढं वाचवण्याची पद्धत सुरू झाली. १९६६ च्या कायद्याने तिथे केंद्र सरकारचा पैसा किंवा परवानगी असलेल्या प्रकल्पांना वारशावरचा परिणाम आधी तपासणं भाग पडलं. युरोपात पुरातत्त्वीय वारसा जपण्यासाठी झालेल्या १९९२ च्या व्हॅलेटा कराराने खर्चाचा भार प्रकल्पाकडे सरकवला: जो जमीन उकरणार, त्याने आधी बघायची सोय करायची. मला हे न्याय्य वाटतं. ठेकेदारांचं मत अर्थातच वेगळं आहे.

आता मूळ प्रश्न. रस्ता थांबतो का? आयर्लंडमधली दोन उदाहरणं मी नेहमी देते. वॉटरफर्डच्या बाह्यवळण रस्त्यासाठी २००३ मध्ये चाचणीचे चर घेताना वुडस्टाउनला नदीकाठी व्हायकिंगांची वस्ती लागली. शेवटी रस्ता बाजूला सरकवला आणि वस्ती जमिनीतच राहू दिली. चार वर्षांनी, २००७ मध्ये, 'तारा' या प्राचीन आयरिश राजांच्या टेकडीजवळ एम-३ महामार्गावर लिसमलिन इथे लोहयुगातलं लाकडी खांबांचं सुमारे ८० मीटर व्यासाचं वर्तुळ निघालं. त्याला राष्ट्रीय स्मारकाचा दर्जा मिळाला. मग ते पूर्ण खणून नोंदवलं गेलं आणि त्यावरून रस्ता गेला. स्मारक आणि रस्ता, दोन्ही मंजूर! लिसमलिनच्या वेळी रेषा पक्की होऊन काम सुरू होत होतं. रेषा पेन्सिलीची असते तोवर आम्हाला बोलवा, खोडरबरावर भागतं. डांबराच्या बेतात बोलावलंत तर हातात फक्त करणी उरते.

तरी रस्त्यांचे उपकार मी मानते. आम्हाला आमच्या मर्जीने खणायला दिलं असतं तर आम्ही किल्ले आणि मंदिरंच उकरत बसलो असतो. रस्ता मात्र कुणाचीही भीड न धरता सरळ कापत जातो, आणि जिथे कुणी कुदळ मारली नसती तिथे मारायला लावतो. आयर्लंडमध्ये धान्य वाळवायच्या भट्ट्या रस्त्यांच्या कामातच ढिगाने सापडल्या. इंग्लंडमध्ये केंब्रिजजवळच्या ए-१४ महामार्गाच्या कामावर एका वेळी अडीचशेपर्यंत पुरातत्त्वज्ञ होते. तिथे २६९ साली जेमतेम दोन महिने सम्राट राहिलेल्या रोमन बंडखोर लेलियानसचं नाणं मिळालं. बातमी नाण्याची झाली. मला त्याच कामात निघालेल्या सामान्य माणसांच्या वस्त्या जास्त मोलाच्या वाटतात, पण त्यांचे फोटो छापून येत नाहीत.

राहिला माझा स्वतःचा हिशेब. माझ्या अहवालामुळे आजवर एकही रस्ता वळलेला नाही. मी पाहणी केलेली रेषा सरकली ती एकदाच, तीही मधे विजेचा मनोरा येत होता म्हणून. त्यावर कुणी एक प्रश्नही विचारला नाही. आम्ही मात्र नव्या रेषेवर परत पहिल्यापासून चाललो.