धरल्याला गडी सोडायचा व्हय? रग्बीच्या वहीतून, पावसाळ्याची नोंद

गेल्या नोंदीत पासिंगचं रडगाणं गायलं होतं. ते अजून संपलेलं नाही. पण या पावसाळ्यात खरी हालचाल झाली ती टॅकलमध्ये, म्हणजे बॉल घेऊन पळणारा गडी धरून पाडण्यात, म्हणून आज तेवढंच.

नव्याने वाचणाऱ्यांसाठी: आमच्या कोल्हापुरात सरावाला चौदा पोरं येतात. सहा तालमीतली, पाच पेठेतल्या फुटबॉलमधली, तिघं कबड्डीवाली. आम्ही सेव्हन्सच खेळतो, म्हणजे सात-सात जणांची रग्बी, सात-सात मिनिटांचे दोन हाफ. पंधरा जणांची टीम उभी करायची तर भावकी गोळा करावी लागेल. फुटबॉलवाल्यांची किक बघत राहावी अशी, पण बॉल अंगावर आला की हात पाठीमागे जातात. लहानपणापासून 'हँड, हँड' म्हणून ओरडा खाल्लेली पोरं ती. त्यांचं पुढच्या वेळी.

तालमीतल्या पोरांना टॅकल शिकवावाच लागणार नाही, असं मी धरून चाललो होतो. जो एकेरी पट काढतो, म्हणजे खाली घुसून समोरच्याचा एक पाय धरून पाडतो, त्याला पळत्या गड्याच्या पायात घुसायची भीती कसली? दोन आठवड्यांत माझी हवा गेली. पट काढताना डोकं आतल्या बाजूला जातं. तालमीच्या मातीच्या हौद्यात चालतं, इथं समोरचा जीव खाऊन पळत असतो आणि त्याचा गुडघा नेमका तिथंच येतो. दुसरी खोड उचलून टाकायची. गडी कमरेतून आडवा उचलून आपटला की रेफ्री सरळ कार्ड काढतो, आणि काढावंच. म्हणून तीन आठवडे सगळे गुडघ्यावर, मग चालत, मग हलकं पळत, आणि घोष एकच: "डोकं मागं, गाल ढुंगणाला!" मैदानाशेजारून जाणाऱ्या बायका काय म्हणत असतील देव जाणे, पण पोरं विसरत नाहीत.

टॅकल बॅग म्हणून पोत्यात उसाचं पाचट भरलं होतं. जूनमध्ये झकास. जुलैच्या झडीत भिजून दुप्पट जड झालं आणि असा वास सुटला की कुणी खांदा लावेना. आता गादीवाल्याकडनं जुना काथ्या आणून ताडपत्रीत गुंडाळलाय.

डोकं जागेवर आलं तरी खरी अडचण पुढेच होती. रग्बीत गडी पाडला की लगेच सोडायचा, बाजूला व्हायचं, आणि पायावर उभं राहिल्याशिवाय बॉलला हात लावायचा नाही. राधानगरीकडचा आमचा एक पैलवान आहे, ऐंशी किलोचा. त्यानं पाडलेला माणूस पडतोच, पण सुटत नाही. मी शिट्टी मारमारून दमलो तेव्हा तो अगदी मनापासून म्हणाला, "सर, धरल्याला गडी सोडायचा व्हय? सोडलं की पळतंय की ते!"

त्याचं काय चुकलं? पाठ लागायच्या आत हात सैल केला तर तालमीत वस्ताद पाठीत घालतील. दहा वर्षं अंगात मुरलेली गोष्ट माझ्या शिट्टीनं कशी निघावी?

उपाय पोरांनीच काढला. पाडला की शड्डू! मांडीवर थाप मारायची तर हात सोडावेच लागतात, शिवाय रेफ्रीलाही लांबून दिसतं. चार दिवसांत फरक पडला. सोड, शड्डू, उठ, बॉल. मांड रोवून बॉलवर वाकलेल्या पैलवानाला हलवणं सोपं नाही, त्यामुळे चेंडू आमच्याकडे यायला लागले. मी खूश.

मग बाहेरगावच्या एका संघाशी मैत्रीचा सामना झाला. आमच्या गड्यानं त्यांचा भिडू पाडला आणि त्याच्या डोक्यावर उभं राहून खणखणीत शड्डू ठोकला. पुढची पाच मिनिटं कुणी कुणाला आव्हान दिलं नव्हतं हे समजावण्यात गेली. आता शड्डू बंद, नुसते दोन्ही पंजे उघडे दाखवायचे. पोरं नाराज आहेत. खरं तर मीही.

ऑगस्टमध्ये त्याच पैलवानाचं डोकं पुन्हा आत गेलं आणि गुडघा बसला. उठून म्हणाला, "काय न्हाई झालं." तालमीत लागलेलं लपवण्यात मर्दुमकी असते, आणि मला सगळ्यात भ्या वाटतं ते याचंच. त्याला तिथल्या तिथं बाहेर काढून डॉक्टरकडे नेलं. हौशी खेळाडूला डोक्याला मार लागला की किमान २१ दिवस सामना नाही, हा नियम आम्ही मोडत नाही. हलकं चालणं-पळणं टप्प्याटप्प्यानं, अंगाला अंग लावायचं तर डॉक्टर हो म्हणतील तेव्हाच. हे सांगायला त्याच्या वस्तादांकडे गेलो. सेव्हन्स २०१६ च्या रिओपासून ऑलिंपिकमध्ये आहे, वगैरे तयारी करून गेलो होतो. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "आमच्या खाशाबांनी १९५२ लाच आणलंय की पदक." तरी २१ दिवसांना हो म्हणाले, वर पोराला दमही भरला.

एक गोष्ट मात्र तालमीची पोरं शिकूनच आली आहेत. हौद्याची माती स्वतः उकरायची सवय असल्यानं सराव संपला की कोन, बॅग, रिकाम्या बाटल्या तीच गोळा करतात. बाकीचे त्यांच्याकडे बघून लाजेकाजेनं हात लावायला लागलेत. यावर मी एकदाही भाषण दिलेलं नाही.

बाहेर बसलेल्या पैलवानाला वही दिली होती. दोन रकाने, 'सोडलं' आणि 'न्हाई सोडलं'. गेल्या रविवारी एकतीस टॅकलांपैकी बावीस पहिल्या रकान्यात. लाइनवरनं सगळ्यात मोठ्यानं ओरडत होता तोच: "अरं सोड की लेका!"

रात्री गंगावेशीत दुधाच्या कट्ट्यावर त्याला विचारलं, तुझा रकाना कुठला असता रे? पेल्यात तोंड घालून बसला, बोलला नाही. त्याचे अजून सहा दिवस राहिलेत.