शाई नखावर होती तोवर

२३ नोव्हेंबर २०१९ ला सकाळी आठ वाजता काय करत होता असं महाराष्ट्रातल्या कुठल्याही पेपरवाल्याला विचारा, झोपलो होतो असंच सांगेल. आदल्या संध्याकाळी मुंबईत नेहरू सेंटरमधली बैठक संपल्यावर शरद पवारांनी उद्धव ठाकरेंच्या नावावर एकमत झाल्याचं सांगितलं होतं, आम्ही त्यावर आठ कॉलमी हेडिंग लावलं, शहर आवृत्ती सोडली आणि घरी जाऊन आडवे झालो. मी सोलापुरात एका दैनिकात आर्टिस्ट आहे. व्यंगचित्रकार असं व्हिजिटिंग कार्डावर आहे खरं, पण दिवसभर पानं लावणं, सराफाच्या जाहिरातींचे लेआउट करणं आणि वाढदिवसाच्या शुभेच्छांमधल्या भाऊ-दादांचे चेहरे उजळ करणं हेच चालतं. राजकीय व्यंगचित्र संध्याकाळी, पानं लागत असताना, कोपऱ्यातल्या टेबलावर बसून काढायचं.

त्या शनिवारच्या अंकात माझं चित्र असं होतं: तीन माणसं एक अवजड खुर्ची घेऊन जिना चढतायत, वळणावर ती अडकलीय आणि तिघंही एकमेकांना 'तुम्ही जरा मागे घ्या' म्हणतायत. बरं होतं, फार ग्रेट नाही.

सव्वाआठला वितरणवाल्याचा फोन. "साहेब, तुमची खुर्ची गेली."

मला वाटलं ऑफिसातली. म्हटलं, कोण घेऊन गेलं?

"टीव्ही लावा आधी."

टीव्ही लावला तर राजभवन, राज्यपाल कोश्यारी, देवेंद्र फडणवीस मुख्यमंत्री आणि शेजारी उपमुख्यमंत्री म्हणून अजित पवार. बायको चहा घेऊन आली, तिला वाटलं जुनं काहीतरी दाखवतायत. महिनाभर १०५, ५६, ५४, ४४ हे आकडे बाराखडीसारखे पाठ झालेले, कुणाचे कुणात मिळवले की १४५ होतात हे शाळेतली पोरंसुद्धा सांगत होती, पण ही बेरीज कुणीच केलेली नव्हती. राष्ट्रपती राजवट पहाटे ५ वाजून ४७ मिनिटांनी उठली म्हणे. म्हणजे आमचे पेपर एसटीत चढून करमाळा-अक्कलकोटकडे निघाले होते तेव्हा.

मग एजंटांचे फोन सुरू झाले. गिऱ्हाईक विचारतंय, कालचा पेपर टाकला का. एक गृहस्थ थेट संपादकांनाच फोन करून म्हणाले की हेडिंग चुकलं तरी तुमच्या आर्टिस्टला आतली बातमी होती, त्याने खुर्ची अडकलेली बरोबर दाखवली. मी काही बोललो नाही. धंद्यात असं श्रेय आयतं मिळत असेल तर घ्यावं.

एरवी दुपारी तीनच्या आधी आमच्याकडे झाडूवाला आणि जाहिरात विभाग एवढेच असतात. त्या दिवशी दहालाच सगळे हजर. आणि पहिला प्रश्न उद्याच्या अंकाचा नाहीच, पुरवणीचा. रविवारची पुरवणी आधीच छापून होते, हे वाचकांना सहसा माहीत नसतं. शुक्रवारी दुपारीच ती मशीनवरून उतरली होती, गठ्ठे बांधून भिंतीला लावलेले, आणि पहिल्या पानावर 'तीन पक्षांचं सरकार कसं चालेल' असा लंबाचवडा लेख आणि सोबत मी काढलेली मोठी अर्कचित्रं. उद्धव, पवार आणि सोनिया गांधी. चांगला रंग भरला होता. पवारांचं मी साताऱ्यातल्या १८ ऑक्टोबरच्या सभेनंतर सोपं करून टाकलं होतं, नुसत्या पावसाच्या तिरक्या रेघा मारायच्या, लोक ओळखतात. (त्यांच्या आजारपणानंतर ओठांची ठेवण बदललीय, काही जण त्यावरच सगळा जोर देतात, मला ते आवडत नाही. माणसाच्या दुखण्यावर रेघ मारून हसू आणायचं असेल तर त्यासाठी व्यंगचित्रकार कशाला हवा.)

पुरवणीचं काय करायचं यावर बराच वेळ गेला. रद्दीत घालायची तर कागदाचा खर्च, नाही घालायची तर उद्या हसं. मालकांनी विचारलं, आतल्या पानांवरच्या जाहिरातींचे पैसे परत द्यावे लागतील का? द्यावे लागतील म्हटल्यावर पुरवणी जाईल असं ठरलं.

मग उद्याचं चित्र. इथे खरी गोची. राजकीय व्यंगचित्रात आपण काय करतो, जे घडलंय ते थोडं ताणून दाखवतो, म्हणजे त्यातला विसंगतपणा दिसावा. पण त्या दिवशी जे घडलं होतं ते आधीच एवढं ताणलेलं होतं की पुढे ताणायला जागा नव्हती, मी गुरुवारी कल्पनेने हे असंच काढलं असतं तर संपादकांनी 'काहीतरी पटेल असं काढ' म्हणून परत दिलं असतं. शिवाय हातात मोबाइल. नऊच्या आत 'मी पुन्हा येईन'वरचे सगळे विनोद होऊन गेले होते, दहापर्यंत घड्याळाच्या गजरावरचे. आमच्या चित्रात कमळ, धनुष्यबाण, हात, घड्याळ ही चिन्हं म्हणजे रोजची भाजीभाकरी, पण ती आता कुणीही फोनवर चिकटवून दोन मिनिटांत फॉरवर्ड करतो. मी काढलेलं वाचकाच्या हातात पडणार दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला.

संपादकसर म्हणाले, "गजर काढ. लोकांना पटकन कळतो."

म्हटलं, "सर, लोकांना तो सकाळपासून कळतोय."

आमचे मुख्य उपसंपादक, ज्यांना सगळे काका म्हणतात, ते अशा वेळी हमखास १९७५ मध्ये जातात. त्यांनी व्यंगचित्रकार अबू अब्राहमच्या बाथटबवाल्या चित्राचा विषय काढला. ज्यांनी पाहिलं नसेल त्यांच्यासाठी: इंडियन एक्स्प्रेस, १० डिसेंबर १९७५, आणीबाणी चालू, आणि राष्ट्रपती फक्रुद्दीन अली अहमद आंघोळीच्या टबात बसल्या बसल्या वटहुकमावर सही करून कागद दाराबाहेर देतायत, वर सांगतायत की अजून वटहुकूम असतील तर त्यांना जरा थांबायला सांग. सेन्सॉरशिपच्या काळात हे छापून आलं होतं. काकांचं म्हणणं, इथे तर केंद्रीय मंत्रिमंडळाची बैठकही न घेता, केंद्राच्या कामकाज नियमांतला नियम १२ वापरून पहाटे राजवट उठवली, टबाच्या जागी पलंग काढ, झालं.

मोह झाला, खोटं कशाला बोलू. पण ते अबूचं आहे. आणि अबूच्या चित्रात सगळं बळ त्या टबात आहे, तो काढून पलंग ठेवला की उरतो फक्त झोपेतला माणूस. काका रुसले. म्हणाले, "ज्या पक्षाच्या मुख्यमंत्रिपदावरून हे सगळं चाललंय तो पक्षच एका व्यंगचित्रकाराने काढलेला, आणि आपल्याला आज एक चित्र सुचत नाही." हे मात्र खरं होतं. फ्री प्रेस जर्नलमध्ये बाळ ठाकरे आणि आर. के. लक्ष्मण एकाच वेळी काम करायचे, १९६० मध्ये ठाकरेंनी 'मार्मिक' सुरू केलं आणि सहा वर्षांनी त्यातूनच शिवसेना. आमच्या धंद्यातल्या एका माणसाच्या ब्रशचं पुढे काय काय झालं याचा विचार करत मी रफ काढत बसलो.

आणि रफ टिकेनात. साडेबाराला पवार आणि उद्धव एकत्र पत्रकार परिषदेला बसले, सकाळी राजभवनावर गेलेला आमदारच तिथे येऊन बोलला, की माझं पवार काका-पुतण्याचं चित्र बाद, कारण ते दोघांचं संगनमत आहे असं गृहीत धरून काढलेलं. मग अजित पवार एकटे पडलेले असं काढलं, तर आमदार त्यांच्यासोबत किती यावर प्रत्येक चॅनलवर वेगळा आकडा. संध्याकाळी त्यांना विधिमंडळ नेतेपदावरून काढल्याची बातमी, जयंत पाटलांकडे जबाबदारी. तिकडे तिन्ही पक्ष सुप्रीम कोर्टात, रविवारी सुनावणी. रविवारी! म्हणजे आमचा अंक लोकांच्या हातात असताना कोर्टात काय होईल ते कोण सांगणार. मला तेव्हा पक्कं कळलं की पुढाऱ्याचा चेहरा असलेलं कुठलंही चित्र आज काढलं तर सकाळपर्यंत ते आंबणार.

वैतागून खाली चहाला गेलो. टपरीवाल्या मामांनी सुट्टे पैसे परत देताना हात पुढे केला आणि मला त्यांचं बोट दिसलं. डाव्या हाताची तर्जनी. मतदान २१ ऑक्टोबरचं, त्याला महिना होऊन गेलेला, कातडीवरची शाई केव्हाच गेलेली पण नखावरची अजून होती, फक्त ती वर सरकली होती. खाली नवीन गुलाबी नख आलेलं, शाईचा पट्टा आता टोकाकडे निघालेला. मी माझं बघितलं. तसंच.

"काय मालक, बोट कशाला बघालाव माझं?" मामा म्हणाले.

"मामा, हे नख कधी कापणार?"

"कापायचं की. अजून एक-दोनदा कापलं की जातंय बघा ते."

बस. चहा अर्धा टाकून वर गेलो.

ही शाई म्हैसूरची. म्हैसूर पेंट्स अँड वार्निश या कर्नाटक सरकारच्या कंपनीत बनते, १९६२ च्या निवडणुकीपासून देशभर तीच. सिल्व्हर नायट्रेट असतं, उजेडात काळं पडतं, साबण-रॉकेल कशाने निघत नाही, नख वाढून कापलं गेलं तरच जाते, आणि नख वाढतं महिन्याला साधारण तीन मिलिमीटर. लक्ष्मणही म्हैसूरचे. काकांना हे सांगितलं तेव्हा त्यांचा रुसवा थोडा गेला.

चित्र असं केलं. चाळीचा ओटा, बनियन-लेंग्यातला माणूस नेलकटर घेऊन बसलाय, डाव्या तर्जनीच्या टोकावर कटर लावलेलं, तेवढं नख मी प्रमाणापेक्षा मोठं काढलं आणि शाईचा पट्टा ठसठशीत काळा. आजूबाजूला पेपर पसरलेले, त्यावर मजकुराच्या नुसत्या रेघा, हेडिंग मुद्दाम वाचता न येणारं. दारात बायको उभी, हातात सूप. ती म्हणतेय: "ते नख राहू द्या हो. मत दिल्याचा तेवढाच पुरावा उरलाय!"

पुढारी एकही नाही, चिन्ह एकही नाही.

सरांनी बघितलं आणि पहिलं वाक्य, "यात आजचं काय आहे?" मग कोपऱ्यात टीव्ही काढ, त्यात शपथ घेताना अजितदादा दाखव, नाहीतर लोकांना संदर्भ लागणार नाही. मी म्हटलं, सर, आज महाराष्ट्रात संदर्भ न लागणारा माणूस शोधून दाखवा. ओळीवरूनही झालं. त्यांना 'पुरावा' शब्द जड वाटत होता, 'खूण' करू म्हणाले. खूण केली की बाईचा चिमटाच जातो, ती काही हळवी होऊन बोलत नाहीये, टोमणा मारतेय. डाक आवृत्तीचं, म्हणजे बाहेरगावी जाणाऱ्या अंकाचं, पान थांबलेलं, फोरमन दोनदा येऊन दार वाजवून गेला. शेवटी सर म्हणाले, खाली कुणाला तरी दाखव, त्याला कळलं तर जाऊ दे. मशीनवरच्या पोराला प्रिंट दिली. तो हसला वगैरे नाही, त्याने आधी हात पुसून स्वतःचं बोट बघितलं. मग म्हणाला, "माझं गेलं की बे." सरांनी पान सोडलं.

रविवारी सकाळी एका पक्षाच्या शहर कार्यालयातून फोन, आमच्या नेत्यावर टीका केली म्हणून. अर्ध्या तासाने विरुद्ध पक्षाच्या माणसाचा, त्याचीही तीच तक्रार. चित्रात दोघांचंही कुणी नव्हतं. ऑपरेटर बाईंनी दोघांना "साहेब अजून आले नाहीत" सांगितलं, आणि पुरवणीबद्दल कुणी ओरडायला फोन केला की त्यालाही तेच.

पुढचं सगळ्यांना माहीत आहे. सोमवारी ग्रँड हयातमध्ये १६२ आमदारांची परेड, मंगळवारी सुप्रीम कोर्टाने दुसऱ्या दिवशी पाचच्या आत खुल्या मतदानाने बहुमत सिद्ध करा म्हटलं, आणि त्याच दिवशी दोघांचे राजीनामे. गुरुवारी, २८ तारखेला, शिवाजी पार्कवर उद्धव ठाकरेंचा शपथविधी. म्हणजे रविवारी ज्या पुरवणीने आमचं हसं झालं होतं ती गुरुवारी बरोबर निघाली. मालकांनी विचारलं, शिल्लक गठ्ठे आहेत का? नव्हते, रद्दीवाला घेऊन गेला होता.

ते नखाचं चित्र मी विसरूनही गेलो होतो. मग २ जुलै २०२३ ला अजित पवारांनी पुन्हा उपमुख्यमंत्रिपदाची शपथ घेतली, या वेळी शिंदेंच्या सरकारात, तोही रविवारच, आणि दुपारी मेहुण्याने मला एक फॉरवर्ड पाठवला: "बघ कुणीतरी भारी काढलंय." माझंच चित्र. शाई तेव्हा कुणाच्याच नखावर नव्हती, तरी चाललं होतं धडाक्यात. खालची सही कापलेली, आणि त्या जागी कुठल्या तरी मोबाइल शॉपीचा नंबर.

आता मी सही कोपऱ्यात करतच नाही. लुगड्याच्या काठात, बाजेच्या दोरीत, पुढाऱ्याच्या जाकिटाच्या खिशावर कुठेतरी घुसवून देतो, कापायची असेल तर चित्र फाडूनच कापावी लागेल अशी.