ट्रायपॉडशिवाय शार्प फोटो: हात कुठवर आलाय

ट्रायपॉडशिवाय, नुसता हातात कॅमेरा धरून शार्प फोटो काढायचा सराव करतोय, त्याचं अपडेट द्यायचं बरेच दिवस राहिलं होतं. एपीएस-सी बॉडी (फुल-फ्रेमपेक्षा लहान सेन्सरचा कॅमेरा), ५० एमएम लेन्स, स्टॅबिलायझेशन (हाताचं हलणं सावरणारी सोय) मुद्दाम बंद, आणि आता १/३० सेकंद शटर स्पीडला बहुतेक फोटो शंभर टक्के झूम करूनही शार्प येतायत!! १/१५ ला अजून नशिबावर आहे. फोकल लेंथ (लेन्सचा एमएममधला आकडा) उलटी केली की हातात धरून चालेल असा किमान शटर स्पीड, हा जुना नियम सगळ्यांना माहितीय, पण एपीएस-सीसारख्या क्रॉप सेन्सरला १.५ ने गुणायचं बरेच जण विसरतात, म्हणजे ५० ला १/५० नाही तर १/७५, कॅमेऱ्यात जवळचा आकडा १/८०.

खरी मदत झाली ती दिव्यांच्या टेस्टने. रात्री लांबचे बारीक दिवे फ्रेममध्ये घ्यायचे, १/८ ला हातात धरून काढायचे आणि झूम करून बघायचं की ठिपका कुठे ओढला गेलाय. उभी रेघ असेल तर बटण दाबताना कॅमेरा झुकतोय, आडवी असेल तर बहुतेक अंग कमरेतून डोलतंय. आणि मधला दिवा गोल पण कडेचे दिवे कमानीसारखे वाकलेले दिसले तर कॅमेरा लेन्सच्या अक्षाभोवती फिरलाय, कारण बटण उजव्या टोकाला असतं आणि दाबलं की ती बाजू खाली जाते. माझ्याकडे हाच तिसरा प्रकार जास्त दिसला, म्हणून सगळं लक्ष बोटावर दिलं. बोटाचं टोक टेकवायचं नाही, पेर आडवं ठेवायचं, अर्धं दाबून थांबायचं, निम्मा श्वास सोडायचा आणि मग नुसता भार वाढवत न्यायचा, क्लिक झाल्यावरही बोट लगेच उचलायचं नाही. डावा तळवा लेन्सखाली, कोपरं बरगड्यांना चिकटलेली, व्ह्यूफाइंडर भुवईला टेकलेला. आता कमानी जवळजवळ गेल्यात.

बर्स्ट (बटण दाबून धरलं की लागोपाठ फोटो) तर लावाच. तीन-चार फ्रेम घेतल्या की पहिलीत बोटाचा धक्का असतो, शेवटचीत सोडल्याचा, मधली बरेचदा स्वच्छ निघते.

दोरीचाही प्रयोग केला. ट्रायपॉडच्या भोकात बसणारा १/४ इंची बोल्ट, त्याला न ताणणारी दोरी, दुसरं टोक बुटाखाली दाबायचं आणि कॅमेरा वर खेचून ताण धरायचा. वर-खाली हलणं मस्त थांबतं, डावीकडे-उजवीकडे फारसं नाही, तिथे भिंतीला खांदा टेकवणंच बरं.

स्टॅबिलायझेशनबद्दल एक सांगतो, ते फक्त आपला हात सावरतं, समोरचा माणूस हलला तर तो पुसट येणारच. भिंत शार्प आणि माणूस पुसट म्हणजे शटर स्पीड कमी पडला, सगळंच एका दिशेला पुसट म्हणजे हात हलला, दुसरंच काहीतरी शार्प म्हणजे फोकस चुकला. तिघांचे उपाय वेगळे. चालत्या माणसांना मी ऑटो आयएसओमध्ये (प्रकाशाची संवेदनशीलता कॅमेरा स्वतः ठरवतो) किमान शटर १/२५० लावून ठेवतो, आयएसओ ३२०० ला गेला तरी चालेल, नॉइज (फोटोतले दाणे) नंतर कमी करता येतो पण हललेला फोटो नीट दुरुस्त होत नाही.

पुढचा टप्पा ८५ एमएम, १/६० पासून सुरू करतोय. तिथे बोटाचा धक्का अजून मोठा दिसणार, त्यामुळे दिव्यांची टेस्ट पहिल्यापासून, आणि इलेक्ट्रॉनिक फर्स्ट कर्टन (शटरचा पहिला पडदा प्रत्यक्ष न हलवता फोटो सुरू करायची सोय) चालू-बंद करून शटरचा स्वतःचा हादरा किती तेही बघणार. कोणी ८५ वर हे केलं असेल तर शटर स्पीड सांगा, ताडून बघता येईल.