बुलेटला साइडकार : पहिले ४१२ किलोमीटर

साइडकारसकट, म्हणजे बुलेटच्या डाव्या बाजूला जोडलेल्या एका चाकाच्या डब्यासकट, आज मीटरवर ४१२ किलोमीटर झाले. त्यातले पहिले साठेक नाशिकजवळच्या मखमलाबादच्या एका द्राक्षशेडसमोरच्या पटांगणात गोल गोल फिरण्यातच गेले. आरसीवर नोंद होईपर्यंत रस्त्यावर गाडी काढायची नाही असं ठरवलं होतं. (मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५२ : गाडीत असा बदल करायचा तर परवानगी आधी. विमा कंपनीलाही कळवा. ‘काही लागत नाही हो’ म्हणणारे शंभर भेटतील, अपघात झाला की त्यातला एकही फोन उचलणार नाही.) उशीर झाला त्याचा फायदाच झाला. पहिल्याच दिवशी गंगापूर रोडला गेलो असतो तर हे लिहायला उरलो नसतो.

गाडी तीच, १९८९ची, कास्ट आयर्न इंजिनाची ३५० सीसी. उजव्या पायाला गिअर, डाव्याला ब्रेक. डाव्या गुडघ्याचं लिगामेंट गेल्यापासून सिग्नलला ती तोलून धरणं जमेना. विकायची की तिसरं चाक लावायचं, एवढंच उरलं होतं.

तर पहिला दिवस. द्राक्षाचे रिकामे क्रेट मांडून वळणं आखली होती. दुसरा गिअर, वीसचा वेग, डावीकडे वळायचं. तीस वर्षांच्या सवयीनं अंग डावीकडे गेलं, डावी मूठ नकळत पुढे रेटली गेली, आणि गाडी चक्क उजवीकडे. पाच क्रेट आडवे. शेडवरची पोरं पोट धरून हसली.

झालं असं, की दुचाकीवर थोडा वेग असला की डावीकडे जायला आपण हँडल क्षणभर उजवीकडे ढकलतो, गाडी डावीकडे कलते आणि मग वळते. हे आपल्याला कुणी शिकवलेलं नसतं, अंगालाच ठाऊक असतं. साइडकार लागली की गाडी कलायचीच बंद होते. हँडल जिकडे, गाडी तिकडे. डोक्याला हे पाच मिनिटांत पटलं, हातांना पटायला तीन आठवडे लागले. ज्या मिस्त्रींनी चासी बनवून दिली ते एका काळी साइडकारवाल्या स्कूटरची कामं करायचे. ते म्हणाले, “साहेब, कंबर विसरा. ट्रॅक्टर चालवलाय ना कधी? तसं हँडल ओढा.” ट्रॅक्टर मी कधी चालवलेला नाही, पण मुद्दा कळला.

दुसरी गोष्ट रेसची. इंजिनाची ताकद फक्त बुलेटच्या मागच्या चाकाला, डबा नुसता ओढला जातो. त्यामुळे रेस दिली की गाडी डावीकडे खेचते. ब्रेक मारला की डबा आपल्या ओघात पुढे जाऊ बघतो आणि गाडी उजवीकडे तोंड फिरवते, म्हणजे थेट समोरून येणाऱ्यांच्या अंगावर. पहिले दोन दिवस ही खोड वाटली, नंतर लक्षात आलं की हीच वापरायची. डावं वळण असेल तर वेग आधीच पाडायचा आणि वळणात थोडी रेस द्यायची. उजवीकडे वळताना रेस सोडायची, गाडी आपसूक वळते.

खरी भीती डाव्या वळणाची. डबा आतल्या बाजूला, तो रिकामा आणि वेग जरा जास्त असला की त्याचं चाक उचललं जातं. घाबरून हँडल सरळ केलं तर चाक खाली येतं खरं, पण गाडी उजवीकडच्या लेनमध्ये घुसलेली असते. म्हणून पटांगणात हे चाक मुद्दाम, पुन्हा पुन्हा उचललं. उचललं की रेस हळू सोडायची, हँडल किंचित मोकळं करायचं. वीसेक वेळा केल्यावर पोटातला गोळा गेला. कुठलंही सर्कल घेऊन बघा : शिरताना डावं वळण, भोवती फिरताना उजवं, बाहेर पडताना पुन्हा डावं. गाडीची सगळी परीक्षा तिथेच होते.

यूट्यूबवर शिकणाऱ्यांनी एक लक्षात ठेवा. रशियन उराल आणि बहुतेक युरोपियन-अमेरिकन गाड्यांचा डबा उजवीकडे असतो. त्यांचं डावं ते आपलं उजवं. मी एक संध्याकाळ अख्खी चुकीच्या बाजूनं पाठ केली होती.

वजनासाठी आधी कांद्याची गोणी टाकली, पन्नास किलोची. नाशिकात राहून दुसरं काय सुचणार! पण गोणी उंच बसते, कांदे सरकतात आणि तिसऱ्या वळणाला सगळं वजन एका कोपऱ्यात. आता वाळूच्या दोन पिशव्या तळाशी, चाकाच्या बाजूला, पट्ट्यानं आवळलेल्या. घरी मात्र बायकोकडून ऐकावं लागलं, “आधी कांदे फिरवून आणलेत, मग माझा नंबर?”

जोडणीबद्दल थोडं. चासीला वेल्डिंग केलेलं नाही, चारही जोड क्लॅम्पचे. डब्याचं चाक बुलेटच्या मागच्या चाकाच्या आठ इंच पुढे. बुलेटच्या दोन्ही चाकांना एक आणि डब्याच्या चाकाला एक असे खिडकीचे अॅल्युमिनियम सेक्शन लावून पुढचं आणि मागचं अंतर मोजलं. पुढे २० मिलिमीटर कमी ठेवलंय, म्हणजे डब्याचं चाक जरासं आत बघतं. बुलेट स्वतः किंचित उजवीकडे कललेली, गवंड्याचा ओळंबा लावून तपासलं. आपले रस्ते डावीकडे उतरते असतात, म्हणून ही कल नसेल तर गाडी सारखी गटाराकडे जाते. माझी पहिल्यांदा तशीच जात होती, सोमेश्वरपर्यंत गेलो तर उजवा खांदा भरून आला. डबा जोडणाऱ्या वरच्या दोन्ही दांड्यांचे आटे दोन-दोन फेरे फिरवले आणि फरक पडला.

पुढचं स्प्रॉकेट (चेनचं दातेरी चाक) एका दातानं लहान केलं. अठरा हॉर्सपॉवरला एवढं ओझं तिसऱ्या-चौथ्यात झेपत नव्हतं. पंचविसाच्या आसपास हँडल थरथरायचं, थरथर शोषणारा डॅम्पर लावल्यावर थांबलं. हँडल अजून जड आहे, त्याला पुढच्या चाकाच्या चिमट्याची (फोर्कची) रचनाच बदलावी लागेल. तो खर्च दिवाळीनंतर.

एक चूक कबूल करतो. अशोक स्तंभाच्या सिग्नलला सवयीनं डावा पाय खाली टेकला. तिथे आता जोडाची दांडी आहे आणि मागून चाक येतंय. गाडी फूटभर पुढे सरकली, बुटाचा टाचेकडचा भाग दांडीखाली घासला. बूट गेला, पाय वाचला. तेव्हापासून दोन्ही पाय फूटरेस्टवर, गाडी थांबली तरी. बघणाऱ्याला विचित्र वाटतं, वाटू दे.

रविवारी हिला घेऊन दुगाववरून गिरणाऱ्याला गेलो. खड्डे चुकवायची माझी पद्धत अजून दुचाकीचीच, माझी दोन चाकं सुखरूप, तिसरं बरोबर खड्ड्यात. स्पीडब्रेकरच्या डाव्या टोकाला मोटारसायकलवाल्यांसाठी जी फट असते तिच्यातही तेच चाक जातं, आणि आपण वर, डबा खाली अशी गाडी तिरपी होते. येताना डब्यात तिच्या मांडीवर टोमॅटोची पिशवी होती. सोमेश्वरच्या अलीकडे बायकोनं माझ्या पायावर टकटक केली.

“तुमची चाकं बघता, जरा माझ्याही चाकाकडे बघत चला की.”

टोमॅटो निम्मे फुटले होते. डब्याला लावलेला स्कूटरचा शॉकअप काढून मऊ स्प्रिंगचा बघतोय, आणि त्या चाकाला ब्रेकही लावायचाय. कसाऱ्याचा घाट त्यानंतरच.