यातले व्हायकिंग कोणते आणि आयरिश कोणते?

घरी कोणी आलं की हॉलमधल्या काचेच्या कपाटापाशी थबकतंच. आत दोन फळ्यांवर दीडशेच्या आसपास योद्धे उभे आहेत, उंची जेमतेम २८ मिलिमीटर. टेबलावर लढाया खेळायच्या फिगर्स आहेत त्या. नॉर्स (म्हणजे स्कँडिनेव्हियातून आलेले, ज्यांना आपण व्हायकिंग म्हणतो ते) आणि आयरिश, इसवी सन १००० च्या आगेमागचे. मग प्रश्न ठरलेला: "यातले व्हायकिंग कोणते आणि आयरिश कोणते?" परवा मी "वरच्या फळीवरचे व्हायकिंग" म्हणून वेळ मारून नेली. ती चक्क थाप होती. तुम्ही विचारलंत म्हणून आता नीट सांगतो.

सुरुवातीला मलाही हे सोपं वाटलं होतं. दिवाळीच्या किल्ल्यावर चित्रं मांडण्यात बालपण गेलेलं, मावळा कोण हे तिथे कुणाला विचारावं लागत नाही. तसंच इथेही: चिलखत, शिरस्त्राण, गोल ढाल म्हणजे व्हायकिंग, उघड्या पोटऱ्या, लांब सदरा, खांद्यावर घोंगडीसारखं पांघरूण आणि हातात दोन-तीन फेकायचे भाले म्हणजे आयरिश. (शिंगांचा टोप कुणाच्याच डोक्यावर नाही. तो १८७६ सालच्या एका जर्मन ऑपेराच्या कपडेपटातून लोकांच्या डोक्यात बसला. नॉर्वेत १९४३ साली सापडलेल्या खऱ्या शिरस्त्राणाला डोळ्यांभोवती चष्म्यासारखी चौकट आहे, शिंगं नाहीत.)

मग क्लॉन्टार्फची लढाई मांडायला घेतली आणि सगळा घोळ सुरू झाला.

२३ एप्रिल १०१४, गुड फ्रायडे, डब्लिनजवळ. आयरिश राजा ब्रायन बोरूने व्हायकिंगांना देशाबाहेर हाकललं, अशी तिची लोकप्रिय गोष्ट. आता नाती बघा. डब्लिनचा नॉर्स राजा सिट्रिक हा ब्रायनचा जावई. सिट्रिकची आई गोर्मले ही ब्रायनची एके काळची बायको, म्हणजे ब्रायन त्याचा सासरा आणि सावत्र बापही. ब्रायनविरुद्ध उठलेला लेन्स्टर या आयरिश प्रांताचा राजा मेल मोर्डा हा गोर्मलेचा भाऊ, सिट्रिकचा मामा, आणि अस्सल आयरिश. त्याआधी काही वर्षं डब्लिनची फौज ब्रायनच्याच मोहिमांत चालली होती. भाऊबंदकी म्हणजे काय हे आपल्याला कुणी शिकवायला नको, पण मी कागदावर वंशावळ काढली तेव्हा दोनदा खोडरबर लागलं.

बरं, हा सिट्रिक तरी कितपत व्हायकिंग? बापाचं नाव ओलाफ, ते नॉर्स. टोपणनाव 'कुआरान', म्हणजे चप्पल, ते आयरिश. तो बाप ९८१ साली स्कॉटलंडमधल्या आयोना बेटावरच्या मठात ख्रिस्ती म्हणून वारला. खुद्द सिट्रिकने आयर्लंडमधली पहिली नाणी पाडली, त्यांवर क्रॉस आहे. पुढे डब्लिनचं क्राइस्ट चर्च त्याच्याच काळात उभं राहिलं. त्याच्या शिपायांच्या गळ्यात थोर या जुन्या नॉर्स देवाचा हातोडा रंगवून मी बसलो होतो. सात फिगर्सचे गळे पुन्हा खरवडले.

आयरिश लोक चिलखत कमी वापरत, हे खरंच. पण 'लोखंडात मढलेले परके विरुद्ध उघडेवाघडे आयरिश' हे ठसठशीत चित्र बरंचसं एका वृत्तांतातून येतं. तो लढाईनंतर शंभरेक वर्षांनी, बहुधा ब्रायनच्या पणतूच्या अमलात रचला गेला. पणतूला पणजोबांचा मोठेपणा हवा होता, त्यामुळे मला तो वाचताना शाहीर आणि आश्रयदाता दोघंही दिसतात. आयरिशांचा सदरा केशरी रंगवायची जी रीत आहे, तीही पाचशे वर्षं नंतरच्या वर्णनांवरून आलेली. माझे सदरे आता मळक्या तागाच्या रंगाचे आहेत.

एक फिगर दाखवतो. वरच्या फळीवर, डावीकडून चौथा. कानशीने साच्याची रेघ घासून झाली, काळा प्रायमर सुकला, तेव्हा तो दोन हातांनी परशू धरलेला व्हायकिंग होता. नंतर वाचलं, की बाराव्या शतकाच्या शेवटी आयर्लंड पाहून गेलेल्या एका वेल्श पाद्र्याने लिहून ठेवलंय: हे लोक परशू एका हाताने चालवतात, अंगठा दांड्यावर लांब टेकवून, आणि हे हत्यार त्यांनी नॉर्स लोकांकडून घेतलं. मग मी त्याचा डावा हात कापला, टाचणीचा तुकडा बसवून फेव्हिक्विकने दुसरा हात लावला. त्यात परशूचं पातं उडालं ते दुसऱ्या दिवशी केरात सापडलं. कापलेल्या जागी ढाल दिली, अर्धी पिवळी अर्धी काळी. नॉर्वेतल्या गोकस्टाडच्या जहाजावर ६४ ढाली होत्या, एक पिवळी एक काळी अशा. दोन्ही रंग मी एकाच ढालीवर आणले, ही माझी लबाडी. पाय मात्र उघडेच ठेवले. आता सांगा, हा कोण?

आयरिश भाषेत खिडकीला 'फुइन्योग' म्हणतात. तो शब्द नॉर्स, 'वाऱ्याचा डोळा' अशा अर्थाचा. खिडकीचं नावसुद्धा ज्यांच्याकडून घेतलं, त्यांना वेगळ्या फळीवर कसं ठेवणार?

खेळायच्या दिवशी बेसखाली पेन्सिलने 'डा' किंवा 'उ' लिहितो, टेबलाच्या डाव्या बाजूचा की उजव्या. डावीकडून चौथा गेल्या महिन्यात ब्रायनकडून लढला, या रविवारी सिट्रिककडून. त्याच्या बेसखाली एवढी खाडाखोड झालीय की तिथला रंग उडून धातू दिसायला लागलाय.