बांधावरचं भांडण आणि उसातला पिवळा पट्टा

एप्रिलमधली गोष्ट. शिरोळ तालुक्यातनं एका पोराचा फोन आला, "सर, ड्रोन घेऊन या, शेजाऱ्यानं बांधावर तणनाशक मारलंय, आमचा ऊस पिवळा पडलाय, फोटो द्या, पोलिसात देणार हाय." मी कोल्हापुरातनं मल्टिस्पेक्ट्रल कॅमेऱ्याच्या, म्हणजे डोळ्याला न दिसणारा उजेडही टिपणाऱ्या कॅमेऱ्याच्या ड्रोननं पिकांची पाहणी करतो, भांडणातला पुरावा द्यायचं काम मी घेत नाही. पण ग्लायफोसेटसारखं तणनाशक वाऱ्यानं उसावर उडालं तर खरंच नुकसान होतं, म्हणून म्हटलं बघू तर.

गेलो तर बांधाच्या अलीकडं पोराचे वडील आण्णा, पलीकडं शेजारी, आणि दोघं एकमेकांकडं बघायला तयार नाहीत. ऊस सुरूचा, तीन महिन्यांचा, अजून सऱ्या झाकल्या नव्हत्या, मधेमधे पाचोळ्यासारखा पिवळा.

ऊन डोक्यावर आल्यावर ड्रोन उडवला. उडवायच्या आधी राखाडी पॅनेलचा फोटो घ्यावाच लागतो, त्यावरनं त्या दिवसाचा उजेड मोजला जातो, नाहीतर ढग आला की पीकच आजारी दिसतं. नकाशा तयार झाला आणि लॅपटॉप बघून आण्णा म्हणाले, "बगा, लाल लाल झालंया, जळालंच की सगळं!"

तिथं मला थांबून सांगावं लागलं, आणि हे मी प्रत्येक शेतात सांगतो, की आण्णा हा लाल रंग उसाचा नाही, तो सॉफ्टवेअरनं भरलाय. हिरवं पान लाल उजेड शोषून घेतं आणि डोळ्याला न दिसणारा जवळचा इन्फ्रारेड उजेड मात्र जोरात परत फेकतं. पानाची तब्येत बिघडली की हा फरक कमी होतो, बऱ्याचदा ते डोळ्याला कळायच्या आधी. त्या दोन उजेडांच्या वजाबाकीला त्यांच्या बेरजेनं भागलं की एनडीव्हीआय, म्हणजे पिकाच्या हिरवेपणाचा आकडा निघतो, दाट निरोगी पीक ०.८ च्या आसपास, उघडी माती ०.१-०.२. पण आकडा कमी का आला ते तो सांगत नाही. मुळं खाणारी हुमणी अळी असेल, पाणी साचलं असेल, लोह कमी पडून केवडा, म्हणजे पानं पिवळी पडली असतील, नाहीतर नुसती नांगी पडली, म्हणजे मधला ऊस उगवलाच नसेल आणि मधली माती दिसत असेल, नकाशावर सगळं सारखंच लाल. कारण शोधायचं तर डागाचा आकार बघायचा आणि मग तिथं चालत जायचं.

आकारच बोलत होता. औषध उडालं असतं तर बांधाला लागून सगळ्यात जास्त आणि आत जाईल तसं कमी दिसलं असतं. इथं एक नागमोडी पट्टा होता, आण्णांच्या शेताच्या मधनं निघून बांध ओलांडून थेट शेजाऱ्याच्या उसात गेलेला, आणि तिथला ऊस बांधावरनं तर हिरवागार दिसत होता!

शेजारी म्हणाले, "माझ्यात काय न्हाय हो." आम्ही तिघं आत शिरलो. पट्ट्यात फुटवे कमी, पानांचे शेंडे आणि कडा करपलेल्या, आणि सरीच्या वरंब्यावर पांढरा थर. बोटानं उचलला तर पिठासारखा सुटला. कुदळीनं खड्डा घेतला, गुडघ्याच्या थोडं खाली गेलो आणि तळाला पाणी पाझरायला लागलं, एप्रिलात! शेजारी खड्ड्याकडं बघत राहिले, मग आण्णांना म्हणाले, "अण्णा, हितनं पूर्वी ओघळ होती न्हवं?" त्या दिवसातलं त्यांचं एकमेकांशी पहिलं वाक्य ते. आण्णांनी मान हलवली, "आमच्या आज्यानं मुजवली."

रात्री घरी येऊन सेंटिनेल-२ चे जुने फोटो काढले, हा उपग्रह २०१५ पासून फिरतोय, फोटो फुकट मिळतात, एक ठिपका १० मीटरचा, त्यामुळं ड्रोनसारखं बारीक दिसत नाही. तरी आधीच्या उन्हाळ्यांतही तोच पट्टा फिकट दिसत होता, म्हणजे तणनाशकाचा संबंध नाही. ओघळ मुजली पण खालचं पाणी तिथंच जमतंय, वरनं आपण पाटानं भरपूर पाणी देतोय, आणि उन्हाळ्यात ते पाणी मीठ घेऊन वर चढतंय.

माती तपासायला दिली. पट्ट्यातली ईसी, म्हणजे मातीत मीठ किती ते सांगणारा आकडा, ४ च्या वर आली, म्हणजे क्षारयुक्तच. सामू (पीएच) मात्र ८.५ च्या आत, हे फार बरं झालं, कारण जमीन चोपण, म्हणजे सोडियम वाढून घट्ट झाली असती तर आधी जिप्सम टाकावं लागलं असतं आणि वर्षं गेली असती. इथं निचरा केला की मीठ धुऊन निघतं, शिरोळ भागात सच्छिद्र पाईप टाकून अशा जमिनी पुन्हा पिकवल्यात लोकांनी.

अडचण एकच, पाईपचं तोंड नाल्यात काढायला उतार शेजाऱ्याच्या शेतातनंच आहे. पोलिसात कुणी गेलं नाही. ड्रोनच्या उंचीच्या नकाशावरनं पाईपची ओळ मी आखून दिली, खर्च निम्मा निम्मा ठरलाय, फक्त चर कुठल्या सरीतनं काढायची यावर दोघांचं अजून जुळत नाही, आणि काम पावसाच्या आत उरकायला पाहिजे, म्हणून येत्या रविवारी परत जातोय.